फळी पुन्हा निसटली? स्क्रू आवळायच्या आधी हे बघा

पार्टिकल बोर्डाचं घरी जुळवलेलं पुस्तकांचं रॅक. चार-सहा महिने मजेत जातात, मग मधली एखादी फळी एका टोकाला खाली बसते. आपण स्क्रू आवळतो. दोन महिन्यांनी परत तेच. तिसऱ्या वेळी आवळायला जावं तर स्क्रू नुसता गरागरा फिरतो आणि भोकातून चिमूटभर भुसा खाली पडतो.

हे तुमच्याकडं चालू असेल तर आवळणं आधी थांबवा. मी तीनदा आवळून बसलोय आणि तिन्ही वेळा नुकसानच केलंय.

माझा हात लोखंडात बसलेला. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत मशीन शॉपला बावीस वर्षं काढली. तिथं ढिलं झालं की आवळायचं, आटे गेले की पुढच्या मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून जाड बोल्ट घालायचा, एवढं सरळ गणित. २०२० चा लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर आण्णांच्या दिवाळी अंकांसाठी रॅक केलं, तेव्हा तेच गणित बोर्डावर चालवलं. १८ मिलिमीटर जाडीचा प्री-लॅम, म्हणजे वर सनमायकासारखा थर आधीच चिकटवलेला बोर्ड, तीन फूट लांब आणि दहा इंच खोल अशा पाच फळ्या, दोन उभ्या साइड, आणि फळीच्या प्रत्येक टोकाला बाहेरून मारलेले दोन काळे स्क्रू. दिसायला झकास. दिवाळी उलटायच्या आत आण्णांची हाक आली, “अरे, तुझ्या रॅकनं मान टाकली बघ.”

आधी बोर्ड काय चीज आहे ते बघू, कारण सगळं दुखणं तिथंच आहे.

सांगलीकराला हे समजायला वेळ लागू नये. चुरमुऱ्याचा लाडू घ्या. पाक नीट बसलेला असला तर लाडू हाताला टणक लागतो, दाबला तर दबत नाही. पण त्यात काडी खुपसून बघा. काडी आत जाते ती चुरमुरे फोडत आणि बाजूला ढकलत. बाहेर ओढली की मोकळं भोक राहतं, आणि एकदा फुटलेला चुरमुरा काडीला परत धरत नाही. बोर्डात चुरमुऱ्यांच्या जागी लाकडाच्या बारीक कपच्या असतात आणि पाकाच्या जागी बहुतेक वेळा युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद. ते सगळं गरम करून प्रचंड दाबाखाली थापतात. आपल्या उसाच्या चिपाडापासूनही असाच बोर्ड करतात, फक्त चिपाडातला मऊ गर आधी वेगळा काढावा लागतो. तो राहिला तर बोर्ड पाणी पितो.

थापताना थर तीन ठेवतात. वरचा आणि खालचा थर बारीक भुशाचा, गच्च. मधला थर जाड कपच्यांचा, त्यात मोकळ्या जागा भरपूर. करवतीनं कापलेली कड उजेडात धरली की डोळ्यांनी दिसतं: दोन्ही अंगांना घट्ट, मध्ये जाळी. आता रॅक कसं जुळवलं ते आठवा. स्क्रू साइडच्या सपाट अंगातून शिरतो आणि फळीच्या कडेत, म्हणजे नेमका त्या जाळीत, जाऊन रुततो. बोर्डाची सगळ्यात कमजोर जागा शोधून आपण भरवसा तिच्यावर टाकलेला असतो.

वजनानं स्क्रू निसटतो असं मला वाटायचं. हिशेब मांडल्यावर ते खोटं ठरलं. साधी पुस्तकं फूटभर लांबीला सात-आठ किलो भरतात. दिवाळी अंक आकारानं मोठे, कागद जड, ते फुटाला अकरा-बारा किलो जातात. म्हणजे तीन फुटी फळीवर साधारण पस्तीस किलो. टोकाला दोन याप्रमाणे चार स्क्रू, प्रत्येकाच्या वाट्याला नऊ किलो. नऊ किलो आडवं वजन कुठल्याही स्क्रूला किरकोळ आहे.

मग बिघडतं कुठं? झोळात. फळीची टोकं नुसती टेकवलेली आहेत असं धरून मी वाकण्याचं नेहमीचं सूत्र लावलं. बोर्डाचा ताठरपणा साधारण २००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरला, तर पस्तीस किलोला तीन फुटी फळी मध्यावर तेरा-चौदा मिलिमीटर खाली जाते. त्याच दाटीनं पुस्तकं लावलेली दोन फुटी फळी जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. लांबी दीडपट झाली की झोळ पाचपट होतो, कारण तो लांबीच्या चौथ्या घातानं वाढतो. आणि हा पहिल्या दिवसाचा झोळ. पार्टिकल बोर्ड वजनाखाली हळूहळू बसत जातो, त्यामुळं सहा महिन्यांनी तो आणखी वाढलेला असतो.

मध्ये झोळ पडला की टोकं कलतात. फळीच्या टोकाची खालची कड साइडवर दाबली जाते आणि वरची कड साइडपासून सुटू बघते. स्क्रू या दोहोंच्या मध्ये. म्हणजे फळी स्वतःच पहार होते आणि आपल्याच स्क्रूला उपटत राहते, दिवसरात्र. त्यात आपण जाऊन आवळलं की जाळीत उरलेसुरले आटेही खरवडून निघतात.

आमच्या गल्लीत सुतारकाम करणारे एक मामा आहेत. माझा तिसरा प्रयत्न ते दारातून बघत होते. म्हणाले, “आवळताय किती ओ? बोर्ड हाय त्यो, इंजनाचं हेड न्हवं.” बावीस वर्षांच्या नोकरीवर एका वाक्यात पाणी. पण खरं होतं.

आधी निदान करा

लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, घरात पडलेल्या असतातच. पुस्तकं फळीवर असतानाच, फळी आणि साइड जिथं मिळतात तिथं तो वरून सरकवून बघा, मग खालून. वरून जातो आणि खालून जात नाही, तर दुखणं झोळाचं आहे. अशा ठिकाणी जगातला कुठलाही स्क्रू घातला तरी तो काही महिन्यांचाच पाहुणा. आधी लांबी कमी करा किंवा खालून आधार द्या.

वरून-खालून दोन्हीकडून सारखी फट आहे आणि स्क्रू फिरवला तर फिरतच राहतो, तर आटे गेलेत. हे बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी झालेलं असतं. बॅटरीच्या मशीननं स्क्रू मारताना शेवटी ‘कर्र’ असा आवाज येतो आणि हात एकदम हलका होतो, तोच तो क्षण. आपण समजतो स्क्रू बसला.

स्क्रूच्या आजूबाजूला फळीची कड फुगलेली दिसते, सनमायका किंवा कडेची पट्टी उचललीये, तर कड आतून उभी चिरली आहे. आधी भोक न पाडता स्क्रू घुसवला की पाचरीसारखा तो जाळी फाकवतो. फुगवटा एका जागी नसून तळाशी सगळीकडं सारखा असेल तर मात्र पाणी लागलंय. फरशी पुसताना रोज ओल लागते तीही पुरते.

आणि रॅकला कोपऱ्यात हलकासा धक्का दिल्यावर सगळंच पत्त्याच्या घरासारखं तिरकं होत असेल, तर स्क्रूला दोष देऊ नका. पाठ नाही म्हणून ते होतंय. मागून ६ मिलिमीटर प्लायची अखंड पाठ लावा, दर सहा इंचांवर स्क्रू, आणि लावायच्या आधी रॅकचे दोन्ही कर्ण टेपनं मोजून सारखे करून घ्या. हा इलाज सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. ‘मागं भिंत आहेच की’ असं म्हणून मीही टाळला होता.

काय वापरायचं

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: बोर्डात स्क्रूनं धरायचं, पेलायचं दुसऱ्या कुणीतरी. लोखंडात बोल्ट दोन्ही कामं करतो, म्हणून माझी फसगत झाली.

पेलायला सगळ्यात भरवशाची म्हणजे लाकडाची पट्टी. सागाची असली तर उत्तमच, पण कुठल्याही वाळलेल्या लाकडाची चालते. वखारीत तुकड्यांच्या ढिगात मिळून जाते. २० मिलिमीटर जाड, इंचभर रुंद, आणि फळीच्या खोलीपेक्षा इंचभर आखूड. ती प्रत्येक फळीच्या खाली, साइडच्या आतल्या अंगाला तीन स्क्रूंनी बसवायची. स्क्रू ३५ मिलिमीटरचा. वीस पट्टीत गेले, पंधरा साइडमध्ये, तीन शिल्लक. चाळीसचा घेतलात तर टोक बाहेरच्या सनमायकातून डोकं काढेल. इथं स्क्रू कडेत नाही, सपाट अंगात शिरतोय, म्हणजे गच्च थरातून. आणि त्याला कुणी उपटत नाही, फक्त खाली दाबतंय.

यात एक चूक हमखास होते. पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा मोकळं हवं, ४ मिलिमीटरच्या स्क्रूला साडेचारचं. आणि साइडमधलं बारीक, अडीचचं. पट्टीतही स्क्रूचे आटे धरले तर पट्टी आणि साइडमधली फट तशीच राहते, कितीही फिरवा. मग माणूस चिडून आणखी आवळतो, आणि गाडी पुन्हा मूळ पदावर.

पट्ट्या लावल्यावर आमच्या घरातून प्रतिक्रिया आली, “हे रॅक आहे का रेशनचं दुकान?” त्यावर उपाय म्हणजे पट्टीचं पुढचं टोक तिरकं कापायचं आणि बोर्डाच्याच रंगानं रंगवायचं. उभं राहून बघितलं तर डोळ्यांच्या उंचीखालच्या फळ्यांच्या पट्ट्या दिसतही नाहीत. वरच्या दोन दिसतात. त्या दिसू द्या.

पट्टी अजिबातच नको असेल तर ५ मिलिमीटरच्या लोखंडी शेल्फ पिना. फळीला चार. साइडच्या आतल्या अंगात १० मिलिमीटर खोल भोकं पाडून बसवायच्या. तयार कपाटांत भोकांच्या रांगा असतात, त्यात दोन भोकांमध्ये ३२ मिलिमीटर अंतर असतं. घरी एकाच उंचीची भोकं पाडली तरी भागतं. चारही भोकं एका पातळीत येणं महत्त्वाचं, नाहीतर फळी डुगडुगते. एका लाकडी तुकड्यात भोक पाडून तोच साचा चारी ठिकाणी लावा. पिन स्टीलचीच घ्या. प्लास्टिकच्या पिना भांड्यांच्या कपाटात ठीक, दिवाळी अंकांखाली नाहीत.

पट्टी असो वा पिन, त्यावरची फळी नुसती ठेवली तरी चालते, आणि खरं सांगायचं तर बरंच. मोकळी फळी झोळ खाल्ला तरी कुठल्या स्क्रूला उपटत नाही, कारण उपटायला स्क्रूच नाही. दर वर्षी ती उलटी करून ठेवायची, झोळ उलट्या बाजूला निघतो. मात्र सगळ्याच फळ्या मोकळ्या ठेवल्या तर उभ्या साइड फाकतील. म्हणून वरची, तळाची आणि मधली एक अशा तीन पक्क्या हव्यातच.

त्या तीन पक्क्या कशानं करायच्या, हा पुढचा प्रश्न.

काळे स्क्रू नकोत. हार्डवेअरच्या दुकानात बोर्डासाठी स्क्रू मागितला की बहुतेक वेळा तेच हातात पडतात, मलाही तेच पडले. ते जिप्समच्या पत्र्यांसाठी केलेले. पोलाद कडक, दांडी बारीक, त्यामुळं वाकण्याऐवजी ते काडकन तुटतात, आणि डोकं कर्ण्यासारखं असल्यानं बोर्डात रुतत जातं. तात्पुरतं काही धरून ठेवायला माझ्याकडं अजून डबाभर आहेत. कायमच्या कामाला नाहीत.

त्याऐवजी चिपबोर्ड स्क्रू मागा. पिवळसर किंवा पांढऱ्या मुलाम्याचे, दांडी बारीक, आटे रुंद आणि डोक्यापर्यंत गेलेले. कडेत मारायचा तर ४ × ५० चा: अठरा साइडमध्ये जातात, बत्तीस फळीत. साइडमध्ये साडेचारचं मोकळं भोक, फळीच्या कडेत ३ मिलिमीटरचं, नेमकं जाडीच्या मध्यावर. फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून दोन इंच तरी आत. शेवटचा अर्धा फेरा मशीननं नको, हातानं. मशीनच वापरायचं असेल तर त्याच्या गळ्यावरची आकड्यांची चकती खालच्या आकड्यावर ठेवा, ती त्यासाठीच असते. आणि स्क्रू आधी हातोडीनं निम्मा ठोकून मग फिरवायची जी पद्धत सगळीकडं बघायला मिळते, ती अस्सल लाकडात कशीबशी खपते. बोर्डात ठोकलेला स्क्रू म्हणजे लाडवातली काडी.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे कन्फर्मेट. साध्या दुकानात नाव सांगून उपयोग होईलच असं नाही. मॉड्युलर किचनचं सामान ठेवतात तिथं ‘सात-पन्नासचा कन्फर्मेट’ म्हणा. ७ मिलिमीटर जाड, ५० लांब, टोक बोथट, आटे खोल, डोक्यात षटकोनी खाच. लोखंडातल्या माणसाला हातात धरल्या धरल्या पटतो. तो पाचरीसारखा घुसत नाही. आधी पाडलेल्या भोकात त्याची जाड दांडी अलगद बसते आणि फक्त आटे भोवतालच्या जाळीत कापत जातात, त्यामुळं कड फाकत नाही आणि पकड मोठ्या गोलाईवर मिळते. पण भोक अचूक हवं. साइडमध्ये आरपार ७ मिलिमीटर, फळीच्या कडेत ५ मिलिमीटर, खोली चाळीसपर्यंत. दोन्ही मापं एकदम पाडणारा पायरीचा बिट मिळतो, तो घ्याच. नाहीतर आधी ५ चं भोक दोन्हीतून एकत्र पाडा आणि मग साइडमधलं तेवढं ७ चं करा. हे करताना दोन्ही तुकडे काटकोनात घट्ट धरलेले हवेत. क्लॅम्प नसेल तर घरातल्या कुणाला तरी धरायला बसवा. मी आण्णांना बसवलं होतं. ते मध्येच पेपर वाचायला लागले आणि एक भोक तीन मिलिमीटर तिरकं गेलं. ते अजून तसंच आहे, टोपीखाली झाकलंय.

कन्फर्मेट किती आवळायचा? डोकं सनमायकाला टेकलं की अॅलन की दोन बोटांत धरून पाव फेरा. बास.

कन्फर्मेटच्या जोडीला लाकडी डॉवेल, म्हणजे गोल खुंट्या, घातले तर जोड आणखी मोकळा श्वास घेतो, कारण आडवं वजन ते उचलतात. ८ × ३० चे, प्रत्येक जोडाला दोन, गोंद लावून. गोंद भोकात लावा. सनमायकाच्या गुळगुळीत अंगावर पांढरा गोंद धरतच नाही, तिथं थापलेला गोंद म्हणजे मनाचं समाधान. मिरजेत सतारीची खुंटी नुसत्या घर्षणावर तार ताणून धरते, आपल्या डॉवेलला एवढी करामत करायची नाहीये, पण भोकात तो हातानं दाबून, शेवटी हलक्या ठोक्यानं जाईल इतपत घट्ट हवा.

मिनीफिक्सबद्दल, म्हणजे भोकातली चकती फिरवून जोड ओढून धरणाऱ्या प्रकाराबद्दल, बरेच जण विचारतात, कारण तयार फर्निचरमध्ये तेच असतं. भाड्याच्या घरात राहता, दोन वर्षांनी रॅक सोडून न्यायचं आहे, तर त्याला तोड नाही. पण १५ मिलिमीटरचं चपट्या तळाचं भोक, तेही नेमक्या खोलीचं आणि कडेपासून नेमक्या अंतरावर, हातातल्या ड्रिलनं जमवणं अवघड आहे. मिलिमीटरभर चुकलं की चकती फिरते पण ओढून धरत नाही. एका जागी कायमच्या राहणाऱ्या रॅकला त्याची गरज नाही.

खिळे? नाही.

आटे गेलेल्या भोकाचं काय करायचं

काड्यापेटीची काडी आणि गोंद हा आपला राष्ट्रीय उपाय. बिजागरीच्या एखाद्या स्क्रूला तो चालतो. फळीच्या कडेत नाही, कारण तिथं भोक मोठं झालेलं नसतं, भोवतालची जाळीच चुरलेली असते. काडी त्या चुऱ्यात जाऊन बसते आणि स्क्रूसकट बाहेर येते. हे मी दोनदा केलंय, म्हणून सांगतो.

त्यापेक्षा भोक ८ मिलिमीटरचं करून, भुसा फुंकून काढून, ८ चा डॉवेल गोंद लावून ठोका. एक दिवस वाळू द्या, पुढं आलेलं टोक कापून सपाट करा, मग त्यात ३ चं भोक पाडून स्क्रू. आतली जाळी बोटानं चुरा होण्याइतकी गेली असेल तर डॉवेलच्या आधी पातळ फेवीक्विकचे चार-पाच थेंब भोकात मुरू द्या. ते कपच्यांत झिरपून दगडासारखे होतात. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांत जाते.

मामांनी दाखवलेली युक्ती याहून सरस आहे. वरच्या पद्धतीत स्क्रू डॉवेलच्या लांबीतून जातो, म्हणजे लाकडाच्या रेषांना समांतर, आणि तशी पकड थोडी कमीच. मामा फळीच्या खालच्या अंगानं, टोकापासून २२ मिलिमीटरवर, स्क्रूच्या वाटेत बरोबर आडवं येईल असं १० मिलिमीटरचं भोक पाडतात, १४ खोल, वरच्या अंगाला न फोडता. त्यात १० चा डॉवेल गोंदानं बसवतात. आता बाहेरून येणारा स्क्रू त्या डॉवेलला आरपार, रेषांना आडवा छेदतो. जाळी गेली तरी बेहत्तर, स्क्रू अस्सल लाकडात आहे. वरून काहीच दिसत नाही. मी विचारलं, हे कुठं शिकलात? म्हणाले, “बोर्ड आला तवाच शिकलो. न्हाई शिकलो आस्तो तर गिऱ्हाईक रोज दारात.”

कड चिरली असेल तर ती सुरीच्या टोकानं किंचित उघडा, गोंद इंजेक्शनच्या सिरिंजनं आत सोडा, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा कागद आणि सपाट लाकूड ठेवून एक दिवस दाबून ठेवा. नवं भोक जुन्यापासून दोन इंच लांब.

पाण्यानं फुगलेल्या कडेला उपाय नाही. तेवढा भाग कापून टाका आणि उरलेल्याची आखूड फळी करा.

भिंत आणि पूर

रॅक पाच फुटांच्या वर असेल तर वरच्या बाजूला दोन एल पट्ट्या मारून ते भिंतीला बांधा. घरात लहान मूल असेल तर उंचीची अटही नको; मुलं कप्प्यांना पायऱ्या समजतात. विटांच्या भिंतीत ८ ची गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) आणि ५० चा स्क्रू पुरतो, पण गिट्टी गिलाव्याच्या पलीकडं विटेत जायला हवी. गिलावाच दीडेक सेंटिमीटर असतो आणि त्यातच अडकलेली गिट्टी स्क्रू आवळताना फिरायला लागते. ड्रिलमधून येणारी पावडर बघा: आधी करडी, मग लाल. लाल सुरू झाल्यावर निदान दीड इंच आत जा. गावभागातल्या जुन्या घरांत भिंती दगडमातीच्या असतात, तिथं पावडरऐवजी ओलसर माती येते. तिथं गिट्टीच्या नादी न लागता तुळईला किंवा दाराच्या चौकटीला बांधलेलं बरं.

आणि नदीकाठच्या सखल भागात तळमजल्यावर राहत असाल तर हा सगळा खटाटोपच करू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना. पाणी ओसरल्यावर एका मित्राच्या घरी साफसफाईला गेलो. त्याचं पार्टिकल बोर्डाचं कपाट जागेवर उभं होतं, पण हात लावला तर बोटं आत गेली. अठराचा बोर्ड फुगून पंचवीसच्या वर गेला होता आणि स्क्रूंची डोकी खोल खळग्यांत गेली होती. शेजारचं छिद्रांच्या अँगलचं लोखंडी रॅक मात्र गाळ धुतल्यावर तसंच वापरात आलं, थोडं गंजलं इतकंच. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा त्या घरात बोर्ड नव्हता.

आमच्या रॅकचं सध्याचं सांगतो. वरच्या चार फळ्यांच्या मध्यावर एकाखाली एक उभे तुकडे घातले, त्यामुळं तीन फुटांचे दीड-दीड फुटांचे गाळे झाले. टोकांना पट्ट्या, पक्क्या फळ्यांना कन्फर्मेट, मागं प्लाय. लग्नपत्रिका कुठूनच सरकत नाही. राहिली सगळ्यात खालची. तिला फरशीपासून चार इंच उंची आहे आणि मध्यावर एक ठोकळा घालायचा होता, तो राहून गेला. आणि आण्णांनी जागा पुरत नाही म्हणून तिथं अंकांची दुसरी रांग पहिलीच्या पुढं लावलीये. परवा बघितलं तर पत्रिका वरच्या फटीत अर्धी आत गेली. रविवारी सगळे अंक खाली काढायचे आहेत. आण्णांना अजून सांगितलेलं नाही.